परिचारिकेची पहिली सही

(संस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



नर्सिंगच्या अभ्यासक्रमाला प्रवेश कसा मिळतो, गुण किती लागतात, फी किती भरावी लागते, याची चौकशी आपल्या समाजातील पालक आता आवर्जून करू लागले आहेत, ही आनंदाची गोष्ट आहे. परंतु शेवटची परीक्षा झाल्यापासून पहिल्या नोकरीत पाय स्थिर होईपर्यंत जो काळ जातो, त्याची चौकशी फारशी कोणी करीत नाही. मुलीच्या तीन-चार वर्षांच्या कष्टांचे सार्थक होणार की ते वाया जाणार, हे बहुधा याच काळात ठरते. म्हणून आज त्याविषयी चार शब्द बोलावयाचे आहेत.

प्रथम कायद्याची बाजू पाहू. भारतीय परिचर्या परिषदेचा कायदा १९४७ साली झाला. देशभर नर्सिंगच्या शिक्षणाचा दर्जा सारखा राहावा, हा त्याचा हेतू. आपल्या राज्यात १९६६ चा महाराष्ट्र परिचारिका अधिनियम आहे आणि त्यानुसार नोंदणी मुंबईच्या महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे होते. जी.एन.एम. हा पदविका अभ्यासक्रम तीन वर्षांचा, त्यातील शेवटचे सहा महिने प्रत्यक्ष कामाचे, बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे. परीक्षा उत्तीर्ण होऊन परिषदेच्या नोंदवहीत नाव चढले, म्हणजे ती नोंदणीकृत परिचारिका आणि प्रसाविका होते. वकिलाला जशी सनद, तशी परिचारिकेला ही नोंदणी. २०२३ साली संसदेने राष्ट्रीय परिचर्या व प्रसूतिविद्या आयोगाचा नवा कायदा मंजूर केला. त्याने रचना बदलेल, पण नोंदणीचे मोल कमी होणार नाही.

आता नोंदणीच्या आदल्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्या मुलीत काय फरक पडतो? तिचे ज्ञान तेवढेच असते, हातही तेच. फरक पडतो तो सहीचा. विद्यार्थिनी असताना ती इंजेक्शन देते तेव्हा तिच्या मागे सिस्टर उभी असते, ट्यूटर पाहत असते. नोंदणीनंतर औषधाच्या तक्त्यावर तिची स्वतःची सही होते, आणि त्या सहीची जबाबदारी दुसऱ्या कोणावर टाकता येत नाही.

आम्हा शिक्षकांना हा अनुभव वेगळ्या रूपात परिचित आहे. बी.एड. करताना आम्ही सराव पाठ देतो. पाठाचे टाचण तपासलेले असते, मागच्या बाकावर मार्गदर्शक बसलेले असतात, पाठ एका तासात संपतो. पुढे नेमणूक होते, तेव्हा साठ मुलांचा वर्ग, सात तासिका आणि मागचा बाक मार्गदर्शकाविना! आमची चूक मात्र फळा पुसून दुरुस्त करता येते. परिचारिकेला ती सवलत नाही.

मार्लीन क्रेमर या अमेरिकन परिचर्या-प्राध्यापिकेने १९७४ साली ‘रिअ‍ॅलिटी शॉक’ या नावाचा ग्रंथ लिहिला. नव्या परिचारिका व्यवसाय का सोडून जातात, हा त्याचा विषय. आपल्याकडे म्हणतात तसे नव्याचे नऊ दिवस आधी येतात. मग शिकविलेले एक आणि वॉर्डातले दुसरे, असे दिसून धक्का बसतो. त्यातून सावरले म्हणजे हळूहळू समतोल येतो, असा क्रम तिने मांडला. हे कळले तर पुष्कळ त्रास वाचेल. दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात मुलगी रडत घरी आली, तर ती या कामाला अपात्र आहे असा निष्कर्ष पालकांनी काढू नये. ती वाटेतील घाट चढत आहे, एवढाच त्याचा अर्थ.

हा घाट चढण्याची तयारी कशी करावी? विद्यार्थिनींना मी तीन गोष्टी सांगेन.

पहिली गोष्ट, गणित पक्के करा. डॉक्टरांनी लिहिले, ५०० मिलिलिटर सलाईन ४ तासांत द्या. एका मिलिलिटरला २० थेंब पडणारा संच असेल, तर १०,००० थेंब २४० मिनिटांत जावयास हवेत; म्हणजे मिनिटाला सुमारे ४२ थेंब. आपल्या सातवीच्या मुलालाही हे गणित यावे. परंतु रात्री दोन वाजता, तीन रुग्णांचे नातेवाईक एकदम हाका मारीत असताना ते बिनचूक यावे लागते. इन्शुलिनचे उदाहरण घ्या. आपल्याकडे दर मिलिलिटरला ४० युनिटांचे इन्शुलिन मिळते, तसे १०० युनिटांचेही मिळते. ४० च्या सिरिंजला लाल झाकण, १०० च्या सिरिंजला नारिंगी. १०० युनिटांचे इन्शुलिन ४० च्या सिरिंजने भरले, तर रुग्णाच्या अंगात अडीचपट औषध जाईल आणि त्याची साखर धोकादायक उतरेल. म्हणून अशी औषधे भरताना दुसऱ्या सिस्टरला दाखवून घ्यावे. जुन्या जाणत्या परिचारिकाही हे करतात; त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट, विचारावयास शिका. ‘मला हे माहीत नाही, विचारून करते’, हे वाक्य नव्या परिचारिकेच्या तोंडी सहज आले पाहिजे. आपल्या शाळांतून आपण मुलांना उत्तर देण्याची सवय लावतो, प्रश्न विचारण्याची लावीत नाही. ही उणीव आम्हा शिक्षकांनीच भरून काढावयाची आहे. रात्री डॉक्टरांना फोन करावयाचा झाला तर आधी कागदावर लिहून घ्या: मी कोण, रुग्ण कोणता, आता काय घडले, पूर्वीची हकीकत काय, मला काय वाटते, आणि आपणाकडून काय हवे. डॉक्टरांनी फोनवर औषध सांगितले तर ते लिहून त्यांना परत वाचून दाखवा. ड्यूटी बदलताना पुढच्या सिस्टरला रुग्ण सोपवावयाचे, तेही याच शिस्तीने, प्रत्येक खाटेजवळ उभे राहून.

तिसरी गोष्ट भाषेची. आपल्यापैकी पुष्कळ मुली उर्दू माध्यमातून शिकतात, नर्सिंगची पुस्तके इंग्रजीत असतात, आणि रुग्ण येतो तो पैठण, सिल्लोड, कन्नडच्या खेड्यातून, मराठी बोलत. आपल्या शहरातील घाटीचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली, म्हणजे मराठवाडा मुंबई राज्यात आला त्याच वर्षी सुरू झाले. तेव्हापासून मराठवाड्यातील आणि शेजारच्या जिल्ह्यांतील गोरगरीब रुग्ण तेथे येत आहेत. ती म्हातारी ‘पेन’ म्हणत नाही. ती म्हणते, ‘कळ निघती’, ‘ठणकतंय’, ‘आग होतीय’, ‘मुरडा येतोय’, ‘मुंग्या आल्यात’. यांतील प्रत्येक शब्द वेगळ्या दुखण्याकडे बोट दाखवितो. ‘छातीवर धोंडा ठेवल्यावानी वाटतं अन् जीव घाबरा होतोय’ असे कोणी म्हणाला, तर क्षणही न दवडता डॉक्टरांना बोलवावयास हवे. ज्या परिचारिकेला हे मराठी कळत नाही, ती सर्वांपुढे एकच शब्द लिहील, ‘दुखते’. म्हणून माझ्या विद्यार्थ्यांना मी सांगतो की मराठीचा तास केवळ ३५ गुणांसाठी नाही. एखाद्याचा जीव त्या तासावर अवलंबून असू शकतो.

आता पालकांसाठी. निकाल लागला, पेढे वाटले, की आपले काम संपले असे समजू नका. नोंदणीचा अर्ज ताबडतोब करवून घ्या. नोंदणीविना प्रमाणपत्र कपाटात पडून राहते, आणि वर्षे गेली की हातही विसरतात. नोंदणीचे नूतनीकरण ठरावीक मुदतीने करावे लागते, हेही ध्यानात ठेवा. नावाची काळजी तर शाळेपासून घ्या. आपल्याकडे ‘शेख’ कधी नावापुढे, कधी नावामागे; कोठे ‘बी’, कोठे ‘बेगम’, कोठे काहीच नाही. शाळेच्या रजिस्टरात एक, आधारवर दुसरे, गुणपत्रकावर तिसरे. पुढे आखातात जावयाचे ठरले म्हणजे तेथे कागद न् कागद पडताळला जातो आणि एका अक्षरासाठी काम अडते. तेथील परीक्षा द्यावी लागते, बहुधा आधीचा अनुभवही मागतात. म्हणून पहिली दोन वर्षे येथल्याच चांगल्या रुग्णालयात काढणे केव्हाही शहाणपणाचे. परदेशी पाठविणारा एजंट केंद्राच्या परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला आहे की नाही, हे पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नका.

राहिला रात्रपाळीचा प्रश्न. मुलगी रात्री घराबाहेर, लोक काय म्हणतील, या विचाराने घडत आलेली परिचारिका घरी बसविली जाते. जाण्यायेण्याची सोय काय, वॉर्डात सोबत कोण, हे पालकांनी रुग्णालयाला जरूर विचारावे. तो त्यांचा हक्क आहे. पण कामाच्या प्रतिष्ठेविषयी शंका घेऊ नये. इ.स. ६२७ मध्ये खंदकाच्या लढाईत हजरत साद बिन मुआज जखमी झाले, तेव्हा त्यांना मदिनेच्या मशिदीतील हजरत रुफैदा यांच्या तंबूत शुश्रूषेसाठी ठेवण्यात आले. जखमींची सेवा करणारी ती स्त्री होती, आणि तिचा तंबू मशिदीच्या आवारात होता. याहून मोठे प्रमाणपत्र कोणी कोणास द्यावे?

आपल्या संस्थेला एक विनंती करून थांबतो. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षात असलेल्या मुली आणि चार-पाच वर्षे नोकरी केलेल्या आपल्या माजी विद्यार्थिनी यांची वर्षातून दोनदा गाठ घालून द्यावी. पहिल्या रात्रपाळीला काय जवळ ठेवावे, रागावलेल्या नातेवाइकाशी कसे बोलावे, कोणती शंका कोणाला विचारावी, हे पुस्तकात सापडत नाही. ते थोरली बहीणच सांगू शकते. यास पैसा लागत नाही, एक खोली आणि चहा पुरे.

मुलींनो, सही करण्यापूर्वी क्षणभर थांबा, पुन्हा वाचा, शंका असेल तर विचारा, आणि मग न घाबरता सही करा. ती सही तुमची आहे, आणि तिच्यावर विसंबून एक अनोळखी माणूस रात्री निश्चिंत झोपणार आहे.