गळती कोणत्या कुंडीत?

बऱ्हाणपूरचा कुंडी भंडारा 1615 च्या सुमाराचा. सातपुड्याच्या पायथ्याकडून तापीच्या दिशेने जमिनीखालून झिरपणारे पाणी भुयारात अडवावयाचे आणि निव्वळ उताराच्या बळावर ते शहरापर्यंत आणावयाचे, ही योजना अब्दुल रहीम खानखानाच्या सुभेदारीत तबकतुल अर्ज नावाच्या इराणी जाणकाराने आखली. भुयारावर ठराविक अंतराने शंभराहून अधिक कुंड्या आहेत. वरून त्या विहिरींसारख्या दिसतात. काळाच्या ओघात भुयारात चुन्याचे थर साचतात आणि पाण्याचा ओघ मंदावतो. परंतु तो कोठे मंदावला हे अखेरच्या कुंडीवर उभे राहून कळत नाही. तेथे दिसते ते इतकेच की, पाणी कमी झाले. मग एकेक कुंडी मागे जाऊन आत डोकावावे लागते.

गोल्फ खेळणाऱ्यापुढे हाच प्रश्न असतो. अठरा होलांचा फेरा संपतो आणि कागदावर, समजा, 92 हा आकडा उमटतो. फटके जास्त गेले खरे. पण ते गेले कोठे? खेळाडूची स्मृती येथे मोठी लबाड साक्षीदार ठरते. अडीच फुटांवरून हुकलेला पट त्याला रात्रभर आठवतो. दुपारभर ग्रीनच्या अलीकडे, वाळूत नाहीतर गवतात पडलेले आठ-दहा फटके मात्र तो विसरलेला असतो. दुसऱ्या दिवशी तो तासभर पटांचा सराव करतो, आणि आकडा 92 च राहतो.

नोंद ठेवण्याची जुनी रीतही फसवी होती. एका फेऱ्यात पट किती लागले, हे मोजले जाई. आता दोन खेळाडू घ्या. एकाचा दुसरा फटका ग्रीनवर पोहोचतो, होलपासून 33 फुटांवर. तो दोन पटांत चेंडू आत घालतो. दुसऱ्याचा दुसरा फटका ग्रीन चुकतो, तिसऱ्याने तो चेंडू तीन फुटांवर आणून ठेवतो आणि एका पटात काम संपवतो. दोघांचेही चारच फटके झाले. पण नोंदवहीत दुसरा उत्तम पट मारणारा ठरला! वस्तुतः त्याला तारले ते ग्रीनबाहेरून मारलेल्या आखूड फटक्याने.

कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी ही गाठ सोडविली. अमेरिकेच्या व्यावसायिक स्पर्धांतून प्रत्येक फटक्याचे अंतर लेसर यंत्राने मोजून ठेवलेले होते. त्यावरून कोणत्या अंतरावरून होल संपवावयास सरासरी किती फटके लागतात, याचे कोष्टक तयार झाले. ग्रीनवर 8 फुटांवरून ही सरासरी सुमारे दीड, 33 फुटांवरून दोन, आणि मोकळ्या मैदानात 160 यार्डांवरून जवळजवळ तीन. तेथून मारलेला चेंडू होलपासून 8 फुटांवर थांबला, तर तीनातून दीड वजा आणि झालेला एक फटका वजा. त्या एका फटक्याची कमाई अर्धा. उलट तेथूनचा फटका ग्रीन चुकून वाळूत गेला, तर तेवढेच किंवा अधिक नुकसान. 2011 मध्ये अमेरिकेच्या व्यावसायिक संघटनेने पटांसाठी हे गणित स्वीकारले. ब्रॉडी यांचा निष्कर्ष अनेकांच्या समजुतीला धक्का देणारा निघाला: अग्रगण्य खेळाडूंची इतरांवरील आघाडी दोन-तृतीयांश शंभर यार्डांपलीकडील फटक्यांतून येते, पटांचा वाटा अवघा पंधरा टक्क्यांच्या आसपास. सराव पटांचाच करा, असे सांगणाऱ्या पिढ्यान्‌पिढ्यांच्या उपदेशाचे पुढे काय करावयाचे, हे ज्याने त्याने ठरवावे.

तरीही सरासरी ती सरासरीच. बऱ्हाणपुराहून खांडव्यामार्गे वर गेले की महू लागते. तेथील मुकेश कुमार यांनी 2016 मध्ये, वयाच्या एकावन्नाव्या वर्षी, दिल्ली गोल्फ क्लबवर पॅनासोनिक ओपन जिंकली. त्या वयात मनगटात पंचविशीचा जोर राहत नाही. दिल्लीचे ते मैदान तर अरुंद, दोहों बाजूंना झुडपे. तेथे चेंडू किती दूर गेला याहून तो कोठे गेला यालाच मोल अधिक. दुसऱ्याचे कोष्टक आपल्या मैदानावर आहे तसे लावणारा फसेल तो येथेच.

साध्या खेळाडूजवळ लेसर नसतो. पावलांनी अंतर मोजले तरी चालते. खिशात एक छोटी वही हवी. पहिला फटका वाया गेला काय, ग्रीनकडे मारताना चेंडू कोठे थांबला, पहिला पट किती पावलांवरून घेतला, एवढे प्रत्येक होलनंतर लिहावे. नोंद फेरा संपण्यापूर्वीच करावी, कारण नंतर पुन्हा तो अडीच फुटांचा पटच आठवू लागतो. एका फेऱ्यावरून मात्र काही ठरवू नये. एखाद्या दिवशी वारा असतो, एखाद्या दिवशी झोप झालेली नसते. आठ-दहा फेऱ्यांची पाने शेजारी शेजारी ठेवली की एखादा रकाना इतरांहून काळा दिसू लागतो. पुढच्या रविवारचा तास त्या रकान्याला द्यावयाचा.