विसर आणि रक्तवाहिन्या



माझ्या सासूबाई जेवून उठतात नि पुन्हा ताट मागतात. मी अर्धी पोळी वाढते, वाद घालीत नाही. लोक म्हातारचळ म्हणतात. पण हा रोग आहे. जर्मनीतील डॉ. अल्झायमर यांनी १९०६ साली तो प्रथम मांडला. मेंदूत अमिलॉइड नावाचे प्रथिन साचते. पेशींत टाऊ प्रथिनाचा, केसांचा व्हावा तसा गुंतवळ होतो. त्यात रक्तवाहिन्या बिघडल्या की संकट दुहेरी. आपल्या पाणचक्कीला दुरून मातीच्या नळांतून पाणी आणले होते ना? नळ तुंबला की चक्की थांबणारच. तसे मेंदूला रक्त कमी पडते, शिवाय साचलेला मळही वाहून जात नाही. रक्तदाब, मधुमेह व तंबाखू या वाहिन्यांची नासाडी करतात. रक्तदाब दुखत-खुपत नाही. म्हणून चाळिशीनंतर मोजून घ्यावा. आणि मिसरी? नावे घेत नाही, पण डब्या मला ठाऊक आहेत!