यादीत नाव लागण्यापूर्वीची वाट
(व्याख्यानाचा संपादित अंश)



अवयवदानाच्या प्रसंगी दात्याचा गौरव होतो, तो उचितच आहे. मात्र ते दान कोणापर्यंत पोहोचते, हा प्रश्न सहसा मागे राहतो. अमेरिकेत तो वंशभेदाच्या रूपाने पुढे आला. मूत्रपिंडाची कार्यक्षमता मोजण्याच्या तेथील सूत्रात कृष्णवर्णीय प्रौढांसाठी वेगळा गुणक होता. त्यामुळे त्यांचा आजार कागदावर सौम्य दिसे आणि प्रतीक्षायादीत नाव उशिरा लागे. २०२२ मध्ये तो गुणक वर्ज्य ठरला. मुलांची विषमता मात्र गुणकाने आलेली नव्हती. जिवंत दात्याचे मूत्रपिंड कृष्णवर्णीय बालकांना गोऱ्या बालकांच्या तुलनेत कमी प्रमाणात मिळत आले आहे.

भारताचा १९९४ चा कायदा जात वा वंश विचारत नाही. २०२३ मध्ये केंद्र सरकारने नोंदणीसाठीची अधिवासाची अट व शुल्कही काढून टाकण्याचे धोरण स्वीकारले. यादी समान आहे. विषमता आहे ती यादीपर्यंतच्या वाटेवर. शिरपूर, चोपडा, यावल, रावेर या तालुक्यांतील सातपुड्याच्या पाड्यांवर पावरा, भिल्ल, तडवी कुटुंबे राहतात. त्यांची वाट तेथूनच सुरू होते.

काही अर्भकांची पित्तनलिका जन्मतः बंद असते. दोन आठवड्यांनंतरही कावीळ ओसरत नाही, शौच पांढुरके होते. पित्तमार्ग मोकळा करण्याची शस्त्रक्रिया शक्यतो ६० दिवसांच्या आत व्हावी लागते. हे दिवस कावीळ 'उतरवण्यात' आणि झाडपाल्यात जातात, तेव्हा दोष केवळ अज्ञानाचा नसतो. जवळ दुसरा उपायच नसतो. पुढे यकृत-प्रत्यारोपणच उरते. त्यासाठी परक्याच्या मृत्यूची वाट पाहावी लागतेच असे नाही. १९९८ मध्ये दिल्लीत दोन वर्षांच्या आतील एका बालकाला पित्याच्या यकृताचा भाग बसवला गेला. बालकावरील भारतातील ते पहिले यशस्वी यकृत-प्रत्यारोपण होय.

मूत्रपिंडाचा आजार तर आणखी फसवा. त्यात मुलाची वाढ खुंटते. कुपोषण जिथे नित्याचे, तिथे खुजे मूल कोणाच्या डोळ्यांत भरणार?

पैशाची बाजू थोडी सावरली आहे. २०१२ मध्ये शासनाची जीवनदायी योजना ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली, त्यांत धुळे होते. २०२३ मध्ये तिच्या पुढील रूपात मूत्रपिंड-प्रत्यारोपणाची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्याचा निर्णय झाला. पण जळगावहून मुंबई रेल्वेने सुमारे ४२० किलोमीटर. तपासण्यांच्या फेऱ्या, बुडालेली मजुरी, मुक्काम आणि प्रत्यारोपणानंतर आयुष्यभराच्या गोळ्या! गोळ्या थांबल्या की मिळालेला अवयवही जातो.

या वाटेवर आणखी एक भेद आहे आणि तो पाड्यांपुरता नाही, सुखवस्तू घरांतही आहे. १९९५ ते २०२१ या काळात देशात नोंदलेल्या ३६,६४० प्रत्यारोपणांत स्त्री-रुग्ण केवळ ६,९४५ होत्या. जिवंत दात्यांत मात्र स्त्रियाच अधिक. हे आकडे सर्व वयांचे आहेत. तरी मुलासाठी आई जितक्या सहज पुढे येते, तितक्या सहज मुलीसाठी कुटुंब तिला पुढे येऊ देते का, हे प्रत्येकाने घरी विचारून पाहावे.

जैन परंपरेने आहार, औषध, ज्ञान आणि अभय ही चार दाने सांगितली. यांतील औषधदान बहुधा शिबिराच्या एका दिवसात आटोपते. प्रत्यारोपण झालेल्या एका बालकाच्या गोळ्यांचा भार वर्षानुवर्षे उचलणे, परळच्या रुग्णालयांजवळ एक खोली राखून ठेवणे, आशाताईंच्या हाती अर्भकाच्या शौचाच्या रंगांचा तक्ता देणे, यांचा फलक लागत नाही. सुवर्णमहोत्सवी वर्षात विश्वस्त मंडळाने त्या तक्त्यापासून आरंभ करावा. त्याला खर्चही फारसा नाही.