विष्णुदत्तेची ठेव

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



चिटणीसबाईंनी मला विषय दिला तो ‘भगवान बुद्धाची शिकवण’. पाऊण तासात, आणि तोही चहाच्या आधी, एवढा विषय सांगायचा म्हणजे हिरण्यकेशीचा पूर तांब्यात भरायचा. मी काही पंडित नव्हे; जन्मभर शाळेत मुले शिकवली, तेवढेच भांडवल. म्हणून सबंध विषयाच्या वाटेला न जाता त्यातली एकच वाट धरते. ती वाट बायकांनी घातलेली आहे, आणि ती आपल्या सह्याद्रीतूनच जाते.

पावसापासून सुरुवात करू. आजरेकरणींना पाऊस सांगायला नको. मृग लागला की आपले जग चार भिंतींत येते. बुद्धाचे भिक्षू पहिल्यापहिल्याने पावसाळ्यातही गावोगाव फिरत. लोकांनी कुरकूर केली. हे लोक हिरवे गवत तुडवतात, बारीकसारीक जीव चिरडतात. पाखरेसुद्धा पावसात घरटे करून राहतात, ह्यांनाच काय झाले? ही तक्रार बुद्धाच्या कानांवर गेली आणि त्याने नियम केला, की पावसाचे तीन महिने भिक्षूंनी एका जागी राहावे. तोच वर्षावास. लोकांनी नाव ठेवले म्हणून धर्मसंस्थापकाने नियम केला, ही गोष्ट मला फार आवडते. तरव्यातून पाऊल सांभाळून टाकणाऱ्या बाईला त्यातला अर्थ समजावून द्यायची जरुरी नाही.

मुक्काम आला म्हणजे छप्पर आले, पाणी आले. आपल्या डोंगरांत दगड कोरून ती सोय झाली. लेखांत त्या खोल्यांना ‘लेण’ म्हटले आहे. आपण आज ‘लेणे’ म्हणतो तो हाच शब्द, दोन हजार वर्षे तोंडात राहिलेला. पाण्याच्या टाक्याला ‘पोढी’ म्हटले आहे. कार्ले, भाजे, कान्हेरी ही नावे सर्वांना ठाऊक असतात. पण कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात लेणी आहेत, आणि आपल्याच जिल्ह्यात जोतिबाच्या डोंगराजवळ पोहाळ्यालाही आहेत. कोल्हापूर शहरात १८७७ साली जमिनीखालून एक दगडी पेटी निघाली, तिच्यात स्फटिकाचा करंडा होता. पेटीवर ब्राह्मी अक्षरांत कोरले होते, की हे ब्रह्म नावाच्या माणसाचे दान असून धम्मगुप्ताने ते करविले. अंबाबाईच्या दर्शनाला जाताना आपण ज्या मातीवरून चालतो तिच्या पोटात हेही आहे.

आता बायकांकडे येते. ही लेणी राजांनी कोरवली असा आपला समज असतो. काही कोरवलीही. पण भिंतींवरचे लेख वाचले तर तिथे सुतार भेटतो, माळी भेटतो, कराडचा लोखंडाचा व्यापारी भेटतो, आणि बायका तर पावलोपावली भेटतात. कार्ल्याला महादेवणक नावाच्या गृहस्थाची आई भायिला हिचे दान आहे. तिथेच कोडी नावाची भिक्षुणी आहे, घुणिकाची आई. रायगड जिल्ह्यात कुड्याची लेणी आहेत. तिथे पदुमणिका नावाच्या भिक्षुणीने एक लेणे आणि एक पोढी दिली. तिची आई नागणिका, तीही भिक्षुणी. आणि दानात सामील झालेल्या दोन शिष्या, बोधी आणि असाळ्हमिता. आई, लेक आणि दोन शिकणाऱ्या मुली. पुरुषाच्या सहीवाचून हे काम झाले की नाही ते मला ठाऊक नाही, पण दगडावर दान नोंदले आहे ते पदुमणिकेचे.

नाशिकला तर बायकांची रांगच आहे. गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिने नातू पुळुमावी ह्याच्या राज्याच्या १९व्या वर्षी भिक्षूंना एक भव्य लेणे दिले. तिच्या लेखात मुलाचे पराक्रम ओळीमागून ओळी सांगितले आहेत (आई ती, दुसरे काय करणार!), आणि तोच लेख त्याला ब्राह्मणांत अद्वितीय म्हणतो. मुलगा वैदिक परंपरेचा अभिमानी, आई भिक्षूंना लेणे देणारी, आणि कुणी कुणाला घराबाहेर काढले नाही. त्या आधी त्याच डोंगरावर नहपान राजाची मुलगी दक्षमित्रा हिने एक खोली दिली होती. तिचा नवरा उषवदात. ह्या जावईबापूंचा एक लेख मात्र मी तुम्हांला हिशेबासकट सांगणार आहे, कारण आपल्यांपैकी निम्म्याजणी भिशीच्या आणि बचतगटाच्या आहेत.

उषवदाताने ३००० कार्षापण, म्हणजे त्या वेळची नाणी, गोवर्धन गावच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायमची ठेव म्हणून ठेवली. श्रेणी म्हणजे धंद्याची पंचायत म्हणा, संघ म्हणा. २००० वर व्याज दरमहा शेकडा एक, १००० वर शेकडा पाऊण. मुद्दल परत मागायचे नाही, व्याज तेवढे वापरायचे. पहिल्या दोन हजारांच्या व्याजातून लेण्यात वर्षावास करणाऱ्या २० भिक्षूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. आता करा हिशेब. दोन हजारांवर महिन्याला २०, वर्षाचे २४०. वीस जणांत वाटले की बारा. पैसुद्धा इकडची तिकडे नाही. आणि हे सारे गावच्या सभेत वाचून दाखवून दप्तरात नोंदवले, असेही कोरून ठेवले आहे. आपल्या इतिवृत्ताच्या वहीची खिल्ली उडवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

आता जिच्यासाठी मी आज उभी राहिले ती बाई. तिसऱ्या शतकात नाशिकवर आभीर राजा ईश्वरसेन होता. त्याच्या राज्याच्या ९व्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या उपासिकेने तिथे एक लेख कोरवला. ती अग्निवर्म्याची मुलगी, गणपक रेभिलाची बायको, गणपक विश्ववर्म्याची आई. गणपक हा हुद्दा हिशेबनीसासारखा असावा. शिवाय लेख तिला ‘शकानी’ म्हणतो, म्हणजे परदेशातून आलेल्या शक कुळातली. नावात विष्णू, बापाच्या नावात अग्नी, कूळ शकांचे, आणि दान बौद्ध भिक्षुसंघाला! आज अशी बाई आपल्या आळीत राहायला आली असती तर हिला कोणत्या पंगतीला बसवावे ह्यावर तीन सभा झाल्या असत्या.

विष्णुदत्तेनेही श्रेणींकडे कायमची ठेव ठेवली. कुलरिकांकडे, म्हणजे बहुधा कुंभारांकडे, १०००. पाण्याची यंत्रे करणाऱ्या ओदयंत्रिकांकडे २०००. आणखी तेल गाळणाऱ्यांच्या श्रेणीकडेही. कशासाठी? त्रिरश्मी डोंगरावरच्या विहारात चारी दिशांकडून येऊन राहणाऱ्या भिक्षूंपैकी जे आजारी पडतील त्यांच्या औषधासाठी. मूर्तीसाठी नाही, खांबावरच्या नक्षीसाठी नाही. औषधासाठी. आणि हे करताना हेतू लिहिला तो सर्व जिवांच्या हिताचा आणि सुखाचा.

ही कल्पना तिला कुठून सुचली असेल, ह्याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्या मते उत्तर विनयपिटकात आहे. श्रावस्तीला विशाखा नावाची श्रीमंत, लेकुरवाळी उपासिका होती. तिने बुद्धाकडे आठ गोष्टींची परवानगी मागितली. भिक्षूंना पावसाळ्यासाठी वस्त्र, नव्याने आलेल्याला जेवण, प्रवासाला निघालेल्याला जेवण, आजाऱ्याला पथ्याचे जेवण, आजाऱ्याला औषध, रोजची पेज, भिक्षुणींना नदीवर स्नानासाठी वस्त्र. ह्या झाल्या सात. आठवी ऐकाच. आजाऱ्याची शुश्रूषा करणाऱ्याला जेवण. का, तर विशाखेने कारण दिले: शुश्रूषा करणाऱ्याला स्वतःच्या पोटासाठी भिक्षेला हिंडावे लागले तर तो आजाऱ्याचे जेवण उशिरा आणील. भगिनींनो, हे एखाद्या घरात दुखणे काढलेल्या बाईलाच सुचावे. बुद्धाने आठही मागण्या मान्य केल्या.

आणि त्या मानण्याला आधार त्याच्या वागण्यात होता. अतिसाराने एक भिक्षू आपल्याच घाणीत पडला होता. तो कुणाच्या उपयोगी पडत नसे म्हणून कुणी त्याच्याकडे फिरकत नव्हते. बुद्ध आणि आनंद तिथे आले. आनंदाने पाणी आणले, बुद्धाने ओतले, दोघांनी त्याला धुऊन उचलून खाटेवर ठेवले. मग संघाला बोलावून सांगितले, की तुम्हांला इथे ना आई ना बाप. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? माझी सेवा करावी असे ज्याला वाटते त्याने आजाऱ्याची करावी. चार आर्यसत्ये मुलांना शिकवताना मी ह्या गोष्टीपासून सुरुवात करीत असे. दुःख आहे, त्याला कारण आहे, ते जाऊ शकते, जाण्याचा मार्ग आहे. हे वैद्याचेच बोलणे आहे. अष्टांगिक मार्ग, पंचशील हे त्या वैद्याचे पथ्य. आडव्या बाटलीसाठी मतदानाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायकांना पाचवे शील तर वेगळे सांगायलाच नको.

सगळे गोड गोडच सांगितले तर तुम्ही म्हणाल, बाई कीर्तनाला उभ्या राहिल्या. तेव्हा हेही सांगते. बुद्धाची मावशी महाप्रजापती गौतमी हिने त्याला लहानाचे मोठे केले. तिने संघात प्रवेश मागितला तेव्हा तो तीनदा नाकारला गेला. ती केस कापून, काषाय वस्त्रे नेसून शाक्य बायकांना घेऊन वैशालीपर्यंत पायी चालत गेली. पाय सुजलेले, अंग धुळीने भरलेले. आनंदाने मध्यस्थी केली. स्त्रीला मुक्ती मिळू शकते काय, असे त्याने सरळ विचारले. बुद्ध हो म्हणाला, तेव्हा मग प्रवेश मिळाला, पण आठ अटींवर. शंभर वर्षे भिक्षुणी असलेल्या बाईनेही आजच्या नव्या भिक्षूला वंदन करायचे, ही पहिली अट. ह्या अटी मागाहून घातल्या असाव्यात, असे काही अभ्यासक म्हणतात. असतीलही. पुढे सिंहलद्वीपात भिक्षुणींची परंपरा अकराव्या शतकाच्या सुमारास खंडित झाली, ती १९९६ साली सारनाथला आणि १९९८ साली बोधगयेला पुन्हा सुरू केली गेली. तीवरही अजून वाद आहेत. असो. मिळालेल्या जागेत थेरींनी जे केले ते थेरीगाथेत वाचावे. गोव्यातल्या सांखवाळच्या धर्मानंद कोसंबींनी पाली शिकण्यासाठी थेट सिंहलद्वीप गाठले आणि हा सारा ठेवा मराठीत आणायला सुरुवात केली. त्यांचे ‘भगवान बुद्ध’ आपल्या वाचनालयात नसेल तर घ्यावे, ही एक सूचना जाता जाता करते.

आपल्या मुलखातून बौद्ध धर्म गेला आणि दगड राहिले. मग १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरास डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी माईसाहेबांसह चंद्रमणी महास्थविरांकडून दीक्षा घेतली आणि स्वतः लाखो लोकांना दिली. पांढरी पातळे नेसून दूरदूरच्या बायका तिथे आल्या. कित्येकींनी अंगावरचा डाग विकून तिकीट काढले, असे सांगतात. ह्या घटनेची एक पायरी आपल्या जिल्ह्यात आहे, १९२० सालची माणगावची परिषद; शाहू महाराज तिथे आले होते. आज गावोगावच्या बौद्ध वस्त्यांत आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ वाचला जातो. बाहेर पाऊस, आत एक बाई वाचते आहे, बाकीच्या ऐकताहेत. वर्षावासच तो. आपल्यांपैकी किती जणी तिथे कधी जाऊन बसल्या आहेत? मी मंडळाचा पट पाहिला. वस्तीतल्या दोनच सभासद आहेत. आणि हळदीकुंकवाच्या दिवशी ज्यांच्या कपाळी कुंकू नाही त्या आपल्या जुन्या सभासद घरी बसतात. हेरवाडच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांच्या अनिष्ट चालींविरुद्ध ठराव केला. हेरवाड काही परमुलखात नाही, शिरोळ तालुक्यात आहे.

आता मुद्द्यावर येते, म्हणजे काहीजणींना राग येईल अशा मुद्द्यावर. मंडळाच्या दारी कमान उभारायला आपण पैसे जमवले आहेत. कमान सुंदर होईल, ह्यात शंका नाही. पण माझी विनंती आहे, की ती रक्कम बँकेत कायम ठेव म्हणून ठेवावी, मुद्दलाला हात लावू नये, आणि व्याज दोन गोष्टींना द्यावे. एक, गावातल्या कोणत्याही आळीतल्या, कोणत्याही जातीच्या गरजू बाईचे औषध. दुसरी विशाखेची आठवी मागणी. दुखणेकऱ्याला गडहिंग्लजला, कोल्हापूरला नेले की सोबतीला बाईच जाते. आजाऱ्याला काही ना काही मिळते. ती बाहेरच्या ओट्यावर पदराला बांधून आणलेली भाकरी दोन दिवस पुरवते आणि तिसऱ्या दिवशी चहावर राहते. तिचे जेवण ह्या व्याजातून जावे.

कमानीवर नावे येतील, ठेवीत काय दिसणार, असे मला एकीने विचारले. प्रश्न रास्त आहे. विष्णुदत्तेनेही नाव कोरलेच होते, त्यात लाजण्यासारखे काही नाही. आपणही एक फरशी बसवू. तीवर नाव, रक्कम, बँक, व्याजाचा दर आणि पैसा कशासाठी आहे हे सारे लिहू. वर्षाला जमाखर्च तिच्याखाली चिकटवू, म्हणजे ज्याला हवे तो उभ्याउभ्या हिशेब करील.

ठरावाचा मसुदा मी चिटणीसबाईंकडे दिला आहे. अनुमोदनाची जागा मुद्दाम मोकळी ठेवली आहे. येत्या पौर्णिमेला दुपारी तीन वाजता सभा आहे. कमानीच्या बाजूने ज्यांना बोलायचे आहे त्यांनी अवश्य यावे, आणि येताना वस्तीतल्या आणि घरी बसणाऱ्या मैत्रिणींना बरोबर घेऊन यावे; मत त्यांचेही मोजायचे आहे.