पुस्तक मिटल्यावर

(सोसायटीतील दहावी-बारावीच्या विद्यार्थ्यांसाठी दिवाळीनंतर सभागृहात झालेल्या कार्यक्रमातले भाषण. स्मरणिकेसाठी थोडे नीटनेटके करून दिले आहे.)



सेक्रेटरी घरी आले आणि म्हणाले, "काका, तुम्ही बँकेतून रिटायर झालात, मुलांना अभ्यासावर चार शब्द सांगा." बँकेचा आणि दहावीच्या अभ्यासाचा संबंध काय, हे मला दोन दिवस कळेना. मी काही शिक्षक नाही. बी.कॉम.ला सेकंड क्लास होता, तोही काठावरचा. नाही म्हणणार होतो. मग वाटलं, या विषयात आपण एक मोठी चूक करून बसलेलो आहोत, ती तरी सांगावी. इथे बसलेल्या दोन-चार घरांत तीच चूक आत्ता चालू असेल असा माझा संशय आहे.

पहाटे चारला उठा, टीव्ही बंद करा, टाइमटेबल करून भिंतीला चिकटवा, हे मी सांगणार नाही. ते तुम्ही रोज ऐकता.

आधी मुलाची गोष्ट सांगतो. त्याला फोन करून विचारलं, सांगू का? तो म्हणाला, "सांगा, पण पूर्ण सांगा." म्हणून पूर्ण सांगतो.

१९९६ साली तो दहावीला होता. तेव्हा आम्ही या सोसायटीत नव्हतो, डोंबिवलीतच स्टेशनजवळ दोन खोल्यांत राहायचो. मी संध्याकाळी साडेसातला घरी यायचो. चप्पल काढता काढता पहिला प्रश्न, "किती तास झाला अभ्यास?" तो सांगायचा, तीन तास, साडेतीन तास. बँकेतून बाद झालेलं एक रजिस्टर माझ्याकडे होतं. त्यात मी रोज ते तास मांडायचो. तारीख, विषय, तास, खाली बेरीज. आता हसू येतं, पण तेव्हा मला फार अभिमान वाटायचा. सबंध वर्षाचा हिशेब असा माझ्यासमोर स्वच्छ होता!

आणि मुलगाही खरंच बसायचा हं. खोटं बोलत नव्हता. टेबलाशी बसायचा, पुस्तक उघडं, हातात पेन्सिल, ओळींखाली रेघा. त्याची आई म्हणायची, पोरगं मान वर करत नाही.

तेव्हा गणित दीडशे मार्कांचं असायचं. त्याला ६७ पडले. मला धक्का बसला. मी ते रजिस्टर काढलं, त्याच्यासमोर टेबलावर आपटलं आणि म्हणालो, "हे बघ, गणिताचे दोनशे तास. कुठे गेले?" तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "बाबा, तुम्ही तास विचारायचात. मी तास देत होतो."

मी त्याच्याशी पंधरा दिवस बोललो नाही. तो उद्धटपणे बोलला असं मला वाटलं. खरं तर माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी त्याला वर्षभर बसायला शिकवलं होतं, दुसरं काही नाही. या मुलाला लहानपणी रेडिओ उघडून परत जोडण्याचा नाद होता. सायन्सला जायचं म्हणायचा. त्या मार्कांनंतर त्याने स्वतःच कॉमर्सचा फॉर्म भरला. आज त्याचं उत्तम चाललं आहे, तक्रार नाही. पण गणित त्या उन्हाळ्यात सुटलं ते सुटलंच, आणि घरातला रेडिओही त्याने परत कधी उघडला नाही.

यातली सगळ्यात लाजेची गोष्ट पुढे आहे. अभ्यास कसा होतो हे मला ठाऊक होतं! स्वतःच्या बाबतीत मी ते वीस वर्षांपूर्वीच शिकलो होतो.

बँकेत लागल्यावर आम्हाला सीएआयआयबीची परीक्षा द्यावी लागायची. सक्ती नव्हती, पण पास झाल्यावर पगारवाढ मिळायची, आणि तेव्हाच्या पगारात ती फार मोठी वाटायची. १९७५ मध्ये मी पहिल्या भागाला बसलो. अकाउंटन्सीचं पुस्तक चार वेळा वाचलं. तांबड्या-निळ्या रेघांनी पान रंगून गेलं होतं. पेपरात प्रश्न आला : बिल बँकेत वटवलेलं आहे आणि मुदतीला स्वीकारणाऱ्याने पैसे दिले नाहीत, तर नोंदी काय कराल? मला ते पान डोळ्यांसमोर दिसत होतं. उजवीकडचं पान, वरचा भाग, खाली निळी रेघ. पण त्या रेघेच्या वर काय लिहिलंय, ते काही दिसेना. नापास झालो.

आमचे हेड क्लार्क जुने गृहस्थ होते, धोतर-कोट घालून येणारे. त्यांच्यापाशी मी रडगाणं गायलो, की डोंबिवली ते व्हीटी जाऊन-येऊन अडीच तास गाडीत जातात, गर्दीत पुस्तक उघडायला जागा नाही, अभ्यास करायचा कधी? ते म्हणाले, "अहो, उघडता येत नाही हे तर उत्तमच. मिटलेल्या पुस्तकाचा अभ्यास करा."

त्यांनी सांगितलं ते असं. सकाळी निघण्यापूर्वी कॅलेंडरच्या फाटक्या पानावर पाच प्रश्न लिहायचे, नुसते प्रश्न. गाडीत दांडीला लोंबकळत एकेकाचं उत्तर मनात मांडायचं, डेबिट कुणाला, क्रेडिट कुणाला. जे आलं नाही त्यावर ब्रँचमध्ये पोचल्यावर टिंब द्यायचं आणि काउंटर उघडायच्या आत फक्त तेवढंच पुस्तकात बघायचं. परतीच्या गाडीत पुन्हा टिंबवाले प्रश्न. चार दिवसांनी तोच कागद परत काढायचा.

पहिले आठ दिवस फार वाईट गेले. घरी वाचताना सगळं कळतंय असं वाटायचं आणि ठाणं यायच्या आत कळायचं, की काहीच येत नाही. कुर्ल्याला गाडी थांबली की मी कपाळाला आठ्या घालून उभा, शेजारच्याला वाटायचं याचं पाकीट गेलं. पण महिन्याभरात टिंबं कमी होऊ लागली. पुढच्या वेळी पास झालो.

पुढे किती तरी वर्षांनी एका मासिकात वाचलं, की यावर प्रयोग झालेले आहेत. एबिंगहाउस नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने अर्थहीन अक्षरजोड्या स्वतःच पाठ केल्या, किती दिवसांनी किती विसरलो ते मोजलं आणि १८८५ साली ते छापलं. सगळ्यात जास्त विसरणं पहिल्याच दिवशी होतं, पुढे वेग मंदावतो. अमेरिकेत २००६ साली रोडिगर आणि कार्पिक या दोघांनी विद्यार्थ्यांना एक उतारा दिला. काहींनी तो पुन्हा पुन्हा वाचला, काहींनी एकदा वाचून बाजूला ठेवला आणि आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तर वाचणारे पुढे. आठवड्याने घेतली तर लिहून काढणारे पुढे. आणि गंमत अशी, की आपल्याला चांगलं लक्षात राहणार याची खात्री वाचणाऱ्यांनाच जास्त होती. मला माझी निळी रेघ आठवली.

तर मुलांनो, तुमच्या भाषेत सांगतो. दहावीच्या सायन्सला 'उष्णता' हा धडा आहे. तो एकदा नीट समजून वाचा. मग पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर स्वतःला विचारा : बर्फाला उष्णता देतोय, तरी बर्फ पूर्ण वितळेपर्यंत तापमान शून्य अंशावरच का थांबतं? उष्णता जाते कुठे? एक ग्रॅमला किती कॅलरी लागतात? लिहा. अडाल. अडल्यावर लगेच पुस्तक उघडू नका, दोन मिनिटं कळ काढा. ती दोन मिनिटं डोक्याला जो त्रास होतो ना, तिथे अभ्यास होत असतो. मग उघडा, चुकलं ते दुसऱ्या रंगाने लिहा. उद्या त्यातलं एक विचारा, आठवड्याने परत. भूमितीतलं प्रमेय असेल तर नुसती आकृती काढून सिद्धता स्वतः मांडा. इतिहासालाही हेच.

गणिताबद्दल मात्र थोडं वेगळं सांगायचं आहे. सोडवलेलं उदाहरण वाचून 'कळलं' म्हणणं, हा माझ्या मुलाचा उद्योग होता. उत्तरावर हात ठेवून स्वतः सोडवा. आणि चुकांची एक वही ठेवा.

चुकांवरून आमच्या लेजरची आठवण सांगतो. तेव्हा कॉम्प्युटर नव्हते. खात्यांची लेजरं हाताने लिहायचो, आणि सगळ्या खात्यांची बेरीज मुख्य वहीशी जुळवायची, याला बॅलन्सिंग म्हणत. वेळच्या वेळी केलं तर फरक तासाभरात सापडायचा. शाखेत माणसं कमी पडली की ते काम मागे राहायचं, आणि सहा महिन्यांनी पंचवीस रुपयांचा फरक शोधायला तीन माणसं तीन आठवडे बसायची. प्रिलिमच्या आदल्या आठवड्यात सिलॅबस पहिल्यांदा जुळवायला घेणारी मुलं बघतो तेव्हा मला तो लेजर विभाग आठवतो.

पण फरक शोधायची एक खूण होती. फरकाला नऊने पूर्ण भाग गेला, की ओळखायचं, बहुतेक आकडे उलटे पडलेत. ५४० च्या जागी ४५० लिहिले, तर फरक ९०. म्हणजे चुकांना जात असते, आणि ती ओळखली की शोध सोपा होतो. तुमच्याही चुका तशा वेगळ्या काढा. चिन्ह चुकलं, सूत्रच आठवलं नाही, प्रश्न नीट वाचला नाही, वेळ पुरला नाही. 'सिली मिस्टेक' म्हणून सगळं एका पोत्यात भरू नका. बहुतेकांच्या वहीत दोनच प्रकार पुन्हा पुन्हा निघतात. दोन महिन्यांत तेवढे दोन दुरुस्त होतात.

जुने पेपर घड्याळ लावून सोडवा. गणिताचा भाग एक, ४० मार्क, दोन तास, मध्ये पाणी प्यायलाही उठायचं नाही. परीक्षेच्या आदल्या रात्री झोपा. याच्यावर जास्त बोलत नाही, तुम्ही ऐकणार नाही हे मला माहीत आहे.

आता पालकांसाठी. आपण संध्याकाळी घरी आल्यावर काही तरी विचारणारच, त्याशिवाय आपल्याला चैन पडत नाही. तर तास विचारू नका. "आज पुस्तक मिटून काय आठवलं, मला सांग बरं," एवढं विचारा. आणि तो सांगायला लागला की ऐका. चुकला तर लगेच टोकू नका, शेजारच्या विंगमधल्या मुलीचे टक्के काढू नका. सांगताना अडखळला, तर कुठे अडलं ते त्याला आपोआप कळतं. तुम्हाला तो विषय येत नसला तरी चालतं. किंबहुना येत नसला तर बरंच, कारण मग त्याला सोपं करून सांगावं लागतं. ऐकताना हातातला मोबाइल मात्र उलटा ठेवा.

ज्यांना घरी ऐकणारं माणूस नाही, किंवा घर लहान आहे, आजी आजारी आहे, धाकटं भावंड रडतं, अशांसाठी कमिटीने माझी विनंती मान्य केली आहे. सोमवारपासून परीक्षेपर्यंत रोज संध्याकाळी सहा ते आठ हे सभागृह उघडं राहील. किल्ली माझ्याकडे आहे. मी शिकवणार नाही, मला तुमचं सायन्स येतही नाही. बर्फाचं सांगितलं तेसुद्धा नातीने समजावलं म्हणून. तुम्ही यायचं, पुस्तक माझ्याकडे द्यायचं आणि एक धडा मला समजावून सांगायचा. मी म्हातारा माणूस आहे, मधूनमधून "का?" असं विचारीन, रागवायचं नाही.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही तरी मी बसलेला असेन. चहा घरून पिऊन या. आणि बी विंगकडचा पंखा आवाज करतो, तो सेक्रेटरींनी तेवढा रविवारपर्यंत दुरुस्त करून घ्यावा.