माथेरानच्या गाडीची प्रतिकृति

नेरळहून माथेरानला जाणाऱ्या छोट्या गाडीचीं वळणें अनेक श्रोत्यांना आठवत असतील. १९०७ सालीं सुरू झालेल्या या रेल्वेच्या रुळांमधील अंतर अवघें २ फूट, कांहीं ठिकाणीं चढ २० फुटांस १ फूट, आणि सर्वांत तीव्र वळणाची त्रिज्या ६० फूट. ही गाडी टेबलावर उभी करूं पाहणाऱ्या हौशी कारागिराची कसोटी डब्यांच्या रंगकामांत लागत नाहीं. ती डबे जोडणाऱ्या कपलिंगांत लागते.

फुटास ४ मिलिमीटर हें प्रमाण धरल्यास ६० फुटांची त्रिज्या २४ सेंटिमीटर होते. गाडी वळणांत शिरते तेव्हां पुढच्या डब्याचें मागील टोंक बाहेर झुकतें. मागचा डबा अद्याप सरळ रुळांवरच असतो. कपलिंग घट्ट खिळलेलें असेल, तर तें मागच्या डब्यास आडवें रेटतें आणि हलक्या डब्याचीं चाकें रूळ सोडतात. म्हणून तें एका खिळीवर दोन्ही बाजूंस फिरतें ठेवावें. सर्व कपलिंगें एकाच उंचीवर असावीं. त्यासाठीं पत्र्याची मापपट्टी कापून प्रत्येक डबा तिच्याशीं ताडून पाहावा. उंचींत फरक राहिल्यास चढाच्या आरंभींच आंकडा निसटतो. तळाशीं शिशाचा तुकडा बसविल्यास डबा रुळांवर नीट टेकतो.

एक तडजोड मात्र पत्करावी लागते. मूळ आंकडा तंतोतंत प्रमाणांत घडविला, तर तो फार नाजूक होतो. म्हणून थोडा जाड करावा लागतो. चोखंदळ डोळ्यांस हा दोष खुपेल. परंतु जी गाडी चढ चढून वर पोहोंचत नाहीं, ती दिसावयास कितीही हुबेहूब असली, तरी कपाटांतील शोभेची वस्तूच होय.