शब्दांचा वेश आणि वंश



ज्या विषयाचे सारे मर्म कागदावरच्या अक्षरांत आहे, त्या विषयावर ध्वनिक्षेपकासमोर बसून बोलणे अवघडच. म्हणून आरंभीच एक विनंती करतो, की मी रोमन लिपीतली अक्षरे एकेक करून उच्चारीन, ती आपण मनाच्या पाटीवर मांडीत जावीत. पहिली चार अक्षरे अशी : जी, आय, एफ, टी. इंग्रजी शिकणारा शाळकरी मुलगाही तत्काळ सांगेल, की ‘गिफ्ट’ म्हणजे भेट, बक्षीस. परंतु जर्मन औषधविक्रेत्याच्या दुकानात जे कपाट सदैव कुलुपात असते, त्याच्या ‘गिफ्टश्रांक’ या नावाच्या प्रारंभीही हीच चार अक्षरे आहेत, आणि त्या नावाचा अर्थ विषाचे कपाट. तेथून उत्तरेस स्वीडनच्या मुलखात गेलो, तर तेथे हीच अक्षरे ‘यिफ्ट’ अशी उच्चारली जातात, आणि त्यांचा एक अर्थ विष, तर दुसरा अर्थ विवाहित.

भेट, विष आणि विवाह हे तीन अर्थ एका लेखनात कसे नांदू लागले, हा प्रश्न मोठा मनोवेधक आहे. आणि येथे केवळ योगायोग नाही. ‘देणे’ या अर्थाच्या एकाच प्राचीन जर्मानिक धातूची ही संतती आहे. जुन्या इंग्रजीत या शब्दाचा अर्थ वधूमूल्य असा होता आणि त्याचा उच्चारही ‘य’कारानेच होत असे, आजचा कठोर ‘ग’ इंग्रजीला मिळाला तो समुद्रापलीकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या सहवासाने. स्वीडिश भाषेतील विवाहाचा अर्थ तर आपल्याला समजावून सांगण्याची गरजच नाही, कारण ‘मुलगी कुठे दिली?’ असे आपल्या घराघरांत आजही विचारतात, आणि आपल्या विवाहविधीत कन्यादानाचे स्थान काय आहे हे सर्वश्रुत आहे. राहिले विष. ग्रीक वैद्य रोग्याला द्यावयाच्या औषधाच्या मात्रेस ‘दोसिस’, म्हणजे ‘देणे’, असे म्हणत. हा शब्द लॅटिनने जसाच्या तसा उचलला, पण जर्मनांनी त्याच्या जागी आपला ‘देणे’ या अर्थाचा घरचा शब्द योजला. पुढे जे ‘दिले’ ते प्राणघातक असले तरी त्याचे उघड नाव घेण्यापेक्षा ‘देणे’ म्हणणेच लोकांना बरे वाटले असावे. रात्रीच्या वेळी सापाला साप न म्हणता ‘जनावर’ म्हणणाऱ्या आपल्या ग्रामीण समाजाला ही मनोवृत्ती परकी नाही. हळूहळू झाकणारा शब्दच झाकलेल्या वस्तूचे नाव होऊन बसला, आणि दानाचा मूळ अर्थ जर्मन भाषेत ‘मिटगिफ्ट’, म्हणजे वधूबरोबर दिलेला हुंडा, एवढ्या एका जोडशब्दापुरता उरला. विशेष असे, की ज्या ‘दोसिस’मुळे हे सारे घडले, तो ग्रीक शब्द आपल्या ‘दान’ आणि ‘दत्त’ या शब्दांचा सख्खा भाऊबंद आहे.

आता दुसरी चार अक्षरे घ्या : पी, ए, आय, एन. इंग्रजीत ‘पेन’, म्हणजे वेदना. फ्रान्समध्ये यांचा उच्चार ‘पँ’ असा काहीसा सानुनासिक होतो, आणि ती अक्षरे असतात रोट्या भाजणाऱ्याच्या दुकानावर, कारण तेथे त्यांचा अर्थ पाव. या दोहोंत मात्र रक्ताचे कसलेच नाते नाही. फ्रेंच शब्द लॅटिन ‘पानिस’चा, म्हणजे रोटीवाचक शब्दाचा, वंशज, इंग्रजी शब्द लॅटिन ‘पोएना’चा, म्हणजे दंडवाचक शब्दाचा, वंशज, आणि तोही फ्रेंच भाषेच्या मार्गाने आलेला. ‘पोएना’च्याही मागे ग्रीक ‘पोइने’ उभा आहे, ज्याचा अर्थ सांडलेल्या रक्ताबद्दल आप्तांना द्यावयाची भरपाई. म्हणजे प्रथम भरपाई, मग शिक्षा, मग ख्रिस्ती धर्मोपदेशकांनी वर्णिलेली नरकातली शिक्षा, मग ती भोगताना होणारे क्लेश, आणि शेवटी मामुली डोकेदुखीसुद्धा, असा या शब्दाचा शतकानुशतकांचा उतार आहे. इंग्रजी कायद्याच्या भाषेत मात्र जुना अर्थ अद्याप अंमल गाजवतो : राजाज्ञेचा जाहीरनामा ‘ऑन पेन ऑफ डेथ’ असे बजावतो, तेव्हा तेथे वेदना अभिप्रेत नसून देहान्ताची शिक्षा अभिप्रेत असते.

ही दोन परकी माणसे एका वेशात दिसू लागली याचे कारण शब्दांच्या झिजण्यात आहे. लॅटिनमध्ये ‘पानेम’ असे दोन स्वरांचे रूप होते; फ्रेंचांच्या तोंडी त्याचा शेवट गळाला, ‘न’ स्वरात विरून नुसते अनुनासिक उरले, आणि लेखनाने मात्र एका मधल्या अवस्थेचा दाखला जपून ठेवला. तिकडे इंग्लंडात ‘पोएना’च्या वंशजाचे लेखन नाना रूपे घेत शेवटी याच चार अक्षरांवर स्थिरावले. आणि इंग्लंडात ‘पानिस’चे वंशज नाहीत असेही नाही. ‘कंपॅनियन’, म्हणजे सोबती, हा शब्द मुळात ‘एका रोटीतले खाणारा’ या अर्थाचा आहे, आणि ‘पँट्री’ हे मुळात रोट्या ठेवण्याचे कोठार आहे. ज्याच्याशी नाते नाही त्याचे लेखन तंतोतंत जुळते, आणि जे खरे गोत्रज आहेत ते निराळ्या वेशात समोरून निघून जातात, तरी ओळख पटत नाही. या एका गोष्टीने मला या अभ्यासाची गोडी लावली आहे.

अशी उदाहरणे हवी तितकी देता येतील. फ्रेंच ‘शेर’ म्हणजे मांस आणि तसाच लिहिला जाणारा इंग्रजी ‘चेअर’ म्हणजे खुर्ची. पहिला शब्द मांसवाचक लॅटिन ‘कारो’पासून आला, दुसरा आसनवाचक ग्रीक ‘काथेद्रा’पासून. एम, ओ, एस, टी ही अक्षरे इंग्रजीत ‘सर्वाधिक’, जर्मनमध्ये द्राक्षांचा ताजा रस, आणि चेक भाषेत पूल. बोहेमियाच्या उत्तर भागात या नावाचे एक गावच आहे. ‘बुर्रो’ म्हणजे स्पेनमध्ये गाढव, इटलीत लोणी. यांतले गाढव उत्तरकालीन लॅटिनमधील तट्टूवाचक शब्दावरून आले. लोण्याचे मूळ ग्रीक ‘बूतिरोन’ हे असून त्याची फोड सामान्यतः ‘गाय’ आणि ‘चीज’ अशी करतात, आणि त्यातला गायीचा ‘बूस’ हा आपल्या ‘गो’ शब्दाचाच सगोत्र होय.

रोमनांची वर्णमाला अवघी तेवीस अक्षरांची. ख्रिस्ती धर्मपीठाबरोबर ती एकमेकांचे बोलणे न समजणाऱ्या अनेक समाजांच्या हाती गेली, आणि प्रत्येकाने ती आपापल्या वहिवाटीप्रमाणे राबवली. पुढे मुद्रणकला आली. इंग्लंडात मुद्रक कॅक्स्टनने 1476 साली वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला, आणि उच्चार बदलत राहिले तरी लेखन हळूहळू गोठत गेले. तेव्हा तीनचार अक्षरांचे शब्द एकमेकांवर आदळावेत यात नवल नाही. पण आठ अक्षरांचा शब्द दोन भाषांत तंतोतंत जुळला, तर तो सहसा यदृच्छेने जुळत नाही. तेथे मूळ एकच असते आणि संस्कार भिन्न झालेले असतात. ‘सेन्सिबल’ म्हणून लिहिला जाणारा शब्द इंग्रजीत समंजस मनुष्याचा वाचक आहे, फ्रेंचमध्ये हळव्या मनुष्याचा. दोघेही ‘जाणणे’ या अर्थाच्या लॅटिन धातूपासूनच निघाले, पण एका समाजाने त्यातून बुद्धीची जाण घेतली, दुसऱ्याने अंतःकरणाची. भाषांतरकाराचा घात होण्याचा संभव या दीर्घ शब्दांतच अधिक, कारण पावाला वेदना कोणी म्हणणार नाही, पण हळव्या नायिकेला समंजस म्हणून सोडून देणे सहज घडते.

1928 साली केस्लेर आणि देरोकिन्यी या दोघा फ्रेंच ग्रंथकारांनी अशा शब्दांना ‘फसवे मित्र’ हे नाव दिले आणि ते सर्वत्र रूढ झाले. परीक्षार्थ्यांच्या दृष्टीने ते योग्यच आहे. तरीही ते मला मनापासून मान्य नाही, कारण त्यात शब्दांवर कपटाचा आरोप आहे, आणि शब्द कोणाला फसवीत नाहीत. आपणच वेश पाहून वंश ठरवतो. सारखेपणावर विसंबून राहण्याची ही खोड मोठमोठ्या विद्वानांनाही होती. लॅटिन ‘हाबेरे’ आणि जर्मन ‘हाबेन’ पाहा : ध्वनी जवळचे, अर्थही एकच, ‘जवळ असणे’, हे एकाच धातूचे, असे कोणीही शपथेवर सांगेल. परंतु जर्मन भाषापंडित याकोब ग्रिम याने 1822 साली ध्वनिपरिवर्तनाचे जे नियम सिद्ध केले, त्यांप्रमाणे जर्मन ‘ह’च्या जागी लॅटिनमध्ये ‘क’ असावयास हवा. सबब ‘हाबेन’चा खरा सोदर ‘हाबेरे’ नव्हे, तर ‘कापेरे’, म्हणजे पकडणे. अर्थ जुळतो, ध्वनी जुळतो, आणि तरीही नाते नाही, असे निःशंकपणे सांगता येणे हा माझ्या मते त्या शतकातील भाषाशास्त्राचा सर्वांत मोठा विजय होय.

सी, ओ, आय, एन ही अक्षरे फ्रेंचमध्ये कोपरा दाखवतात, इंग्रजीत नाणे. येथे मूळ एकच : लॅटिन ‘कुनेउस’, म्हणजे पाचर. पाचरीच्या आकारावरून कोपरा, आणि पाचरीसारख्या ठशाने धातूवर छाप मारीत म्हणून नाणे. आता संस्कृत ‘टंक’ पाहा. त्याचा अर्थ पाथरवटाची छिन्नी, आणि छाप मारलेले नाणेही. ‘टंकशाला’ची आपली टाकसाळ झाली, आणि ज्या ‘टाकीचे घाव’ सोसल्याशिवाय दगडाला देवपण येत नाही ती टाकीही त्याच घरातली. दोन दूरच्या समाजांनी, एकमेकांना न विचारता, हत्याराच्या नावावरून नाण्याचे नाव घडवावे, हे मला लेखनसाम्याहून कितीतरी मोठे आश्चर्य वाटते.

आणि ‘पानिस’चा प्रवास फ्रान्समध्ये थांबला नाही. पोर्तुगालमध्ये त्याचा ‘न’ विरला आणि ‘पाँव’सारखा उच्चार उरला, 1510 मध्ये पोर्तुगीजांनी गोवे घेतले, आणि कालांतराने तो शब्द मराठीत ‘पाव’ म्हणून स्थायिक झाला. येथे त्याला त्याच लेखनाचा एक जुना रहिवासी भेटला : ‘पाव शेर’मधला पाव. हा संस्कृत ‘पाद’चा पुत्र असून, चतुष्पादाचा एक पाय म्हणजे चौथा हिस्सा, म्हणून पाय आणि पाव हे मूळचे एकच. या शेजारामुळेच, पायांनी कणीक तुडवतात म्हणून तो पाव, किंवा लादीचे चार भाग पडतात म्हणून पाव, असे खुलासे लोक आजही करतात. दोन्ही निराधार आहेत. गोमंतकात पाव भाजणाऱ्याला ‘पोदेर’ म्हणतात, तो पोर्तुगीज ‘पादेयरु’. त्यात कोणाला ‘पाद’ दिसेल, पण तेथेही एक ‘न’ गळाला आहे, आणि शेजारच्या स्पेनमध्ये त्याच व्यवसायाच्या ‘पानादेरो’ या नावात तो ‘न’ अद्याप शाबूत आहे.